कट्टी केली अन् विसरले

अंगणवाडीची बाई निवृत्त झाली की तिला एक शाल मिळते, एक नारळ मिळतो आणि पुढची सगळी वर्षं लग्नपत्रिका मिळत राहतात. ज्यांची नाकं मी पुसली ते आता मिशा राखून दारात उभे राहतात अन् म्हणतात, "बाई, हळदीपासून या लागते बरं." मला यंदा वरून आणखी एक गोष्ट मिळाली, या अंकाच्या संपादकांचा फोन. "शाळेत जाण्याआधी मुलांमध्ये सामाजिक-भावनिक कौशल्यं कशी रुजवावीत, यावर तुमचे अनुभव लिहा," असं ते म्हणाले. मी ऐटीत "लिहिते की" म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. या विषयात मी मोठी जाणकार आहे, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे!

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे खिचडी. खिचडी असतेच. आमच्या मदतनीस कांताबाई ती अशी करायच्या की गावातली कुत्रीसुद्धा वेळेवर हजर. शिवाय वजनं असतात, लसीकरण असतं, गरोदर बायांच्या घरी चकरा असतात, आणि हल्ली ते सगळं मोबाईलमध्ये भरणं असतं. रेंज यावी म्हणून ओट्यावर हात वर करून उभी राहिलेली बाई आमच्या गावानं रोज पाहिली आहे. पण खरं काम वेगळंच. तीन वर्षांचं लेकरू घरी राजा असतं. मागितलं की मिळतं, रडलं की कोणीतरी उचलतं. जूनमध्ये ते आमच्याकडे येतं आणि त्याला पहिल्यांदा कळतं की गावात आणखी पंचवीस राजे आहेत आणि घोडा एकच आहे, तोही लाकडी, एक कान तुटलेला. त्या घोड्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, राग आला तर चावायचं नाही, "मले राग आला" असं तोंडानं सांगायचं, आई गेली तरी ती परत येते यावर विश्वास ठेवायचा, शेजारचं रडत असेल तर त्याच्याकडे जरा बघायचं, एवढं शिकवून आम्ही त्याला पुढच्या शाळेच्या दारात सोडायचं. याला आम्ही आपलं 'लेकरू रुळलं' म्हणायचो. पुढे प्रशिक्षणांमध्ये त्याला मोठी मोठी नावं मिळाली, आणि नावं वाढली तशी फाईलही जाड झाली.

रुळण्याच्या बाबतीत लेकरांपेक्षा मोठी माणसं जास्त त्रास देतात. एका वर्षी एका मुलीबरोबर तिचा आबा यायचा. आबा खिडकीतून दिसला नाही की पोरगी भोकाड पसरायची, म्हणून मी म्हटलं, आबा, बसा आतच. आबा बसला तो बसलाच. पंधरा दिवसांत त्याला सगळी गाणी हातवाऱ्यांसकट पाठ झाली. तो रांगेत उभा राहून पाणी प्यायला लागला, खिचडी आवडली की "अजून वाढा वो कांताबाई" म्हणायला लागला. मग एक दिवस पोरगीच त्याला म्हणाली, "आबा, तुमी जा घरी. म्या राह्यतो इथं." पोरगी रुळली होती, पण आबा काही रुळला नाही. दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर चप्पल हातात घेऊन उभा, डोळ्यांत पाणी. त्याला समजावता समजावता माझा अर्धा तास गेला. असल्या गोष्टी मी बैठकीत रंगवून सांगायची आणि सगळ्या सेविका हसायच्या. आपल्याला माणसांची मनं कळतात, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

आता माझ्या शोधाबद्दल सांगते. मारायचं नाही, ओरडायचं नाही, कोपऱ्यात उभं करायचं नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं. मग करायचं काय? ते मी माझ्या डोक्यानं शोधून काढलं. लेकरानं आगाऊपणा केला की गाल फुगवायचे, करंगळी पुढे करायची अन् म्हणायचं, "जा, माझी तुझ्याशी कट्टी!" आणि मान फिरवून घ्यायची. बस्स. चावरं असो, ढकलणारं असो, दोन मिनिटांत त्याचा ओठ थरथरायला लागतो. पाच मिनिटांनी आपण दोन बोटं पुढे करायची, "बट्टी?" की ते धावत येऊन त्याची बोटं आपल्या बोटांना चिकटवतं. भांडण खलास. नियम एकच आणि तोही मीच घालून दिलेला: ज्यानं कट्टी केली, बट्टीही त्यानंच करायची. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. बोललं तर नियम मोडला, मग बट्टी मिळायची नाही. हे मी बैठकीत सांगितलं तर पर्यवेक्षिका मॅडमनी चक्क वहीत लिहून घेतलं. त्या आनंदात मी दोन दिवस घरच्यांशीही शहाण्यासारखं बोलत होते.

अन् त्याच वर्षी माझ्याकडे तन्वी आली. साडेचार वर्षांची, सावळी, दोन शेंड्यांची पोरगी. बाप पुण्याकडे कंपनीत, सणावाराला घरी. आई वैशाली सासू-सासऱ्यांजवळ राहून शेतात जायची. पोरगी सुरुवातीला बुजली, मग श्रावणापासून अशी सुटली की मी नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'बोलकी'. हे मी लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. पुढे तीन महिने मी ती वही उघडून पाहिली नाही, हा माझा दुसरा गुन्हा. पहिला आता सांगते.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला तालुक्यातल्या सगळ्या सेविकांपुढे मला पाठ द्यायचा होता. विषय, भावनांची ओळख. त्यासाठी मी तीन दिवस खपून एक तक्ता रंगवला होता. हसरा चेहरा, रडका चेहरा, रागावलेला, घाबरलेला. रंग वाळावे म्हणून तो सतरंजीवर पसरला होता आणि मी लेकरांना आवरत इकडून तिकडे धावत होते. घरची माणसं न्यायला आलेली, कांताबाई डबे भरत होत्या, सगळा कल्ला. वळून पाहते तर पाण्याचा लोटा आडवा झालेला आणि माझे चारही चेहरे एकमेकांत वाहत चाललेले. लोट्याजवळ तन्वी उभी, तोंड उघडं.

माझं डोकंच फिरलं. "तन्वे! जा, कट्टी तुझ्याशी! बोलूच नको माझ्याशी!" करंगळी दाखवली, मान फिरवली. ती काहीतरी सांगायला पुढे आली तर मी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात तिची आजी आली आणि तिला घेऊन गेली. दिवाळी सुरू झाली.

रात्री मी नवा तक्ता रंगवला. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरच्या सभागृहात रागावलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवून मी ठणकावून सांगितलं, "मूल चुकलं तरी त्याच्याशी बोलणं तोडू नका. त्याचं म्हणणं आधी ऐका." टाळ्या पडल्या. घ्या! मला तन्वी आठवली असेल असं तुम्हाला वाटतं? छे. मला तेव्हा फक्त हे आठवत होतं की फोटोत पदर नीट आला पाहिजे.

सुट्ट्यांनंतर पोरगी आली. खायची, खेळायची, गाण्यावर हात हलवायची, पण तोंड बंद. हजेरी घेताना नाव पुकारलं की नुसती बघायची. "तन्वी, हा रंग कोणता?" बघायची. "तन्वी, भूक लागली का?" मान हलवायची. रोज सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलाजवळ येऊन क्षणभर उभी राहायची. मी विचारायची, "सू आली का?" आणि कांताबाईंबरोबर पाठवून द्यायची. ती बिचारी जायची आणि तशीच परत यायची.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मग माझ्यातली जाणकार जागी झाली. मी वैशालीला बोलावून घेतलं.

"वैशाली, तन्वी बोलत नाई वं."

ती हसली. "काय सांगता बाई! घरी तं पोपटावानी सुरू राह्यते. डोकं उठवते माह्यं."

"सगळ्या आया असंच म्हणतात," मी म्हटलं. हे वाक्य मी किती गोड आवाजात म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं. "लेकराचं खरं काय थे आमाले इथं दिसते. कानाचा दोष राह्यतो, जिभेचा राह्यतो, कधी मेंदूचाही राह्यतो. वेळीच पाह्यलं पायजे."

तिचा चेहरा उतरला. आपल्या कानांनी रोज पोरीची बडबड ऐकणारी ती बाई, माझ्या तोंडून मेंदू शब्द ऐकला आणि स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास उडाला. तेवढं वजन होतं माझ्या शब्दाला. लोक मला मान द्यायचे आणि मी तो असा वापरला.

पुढचं मी पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी वैशाली पोरीला घेऊन दारात आली. मी म्हटलं, "ये तन्वी." पोरगी गप्प. वैशालीनं तिला खांद्याला धरून हलवलं. "बोल ना! बाईसंग बोल! काहून बोलत नाई? बोल!" आणि फाडकन तोंडात मारली. एकदा, दोनदा. पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. कांताबाई धावत जाऊन तिला आत घेऊन आल्या. वैशाली उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "बाई, आता घरीही बोलत नाई थे. पावणे आले की सासू म्हनते, बोलून दाखव. म्या म्हनतो, बोल. जितकं म्हनतो तितकी मुकी होते. सासू म्हनते तुह्या माहेरचं काई असंन. दोन दिवसांपासून मले 'आई' बी नाई म्हनलं तिनं."

तोपर्यंत हे सगळं माझ्यासाठी एक नोंद होतं, दवाखान्यात पाठवायची संदर्भ चिठ्ठी देऊन वरिष्ठांना दाखवायची. आता खरोखरच एका बोलक्या पोरीचं बोलणं बंद पडत होतं आणि तिची आई सुकत चालली होती. मी म्हटलं, "उद्याच वाशीमले जाऊ. मी येते संग."

आम्ही तिघी एसटीनं वाशीमला गेलो. मोठ्या सरकारी दवाखान्यात कान आणि बोलणं तपासणाऱ्या एक मॅडम होत्या, तरुण, चेहऱ्यानं हसऱ्या. त्यांच्यापुढे मी माझं भाषण सुरू केलं. वर्गातला सहभाग, भाषेचा विकास, निरीक्षणं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आणि आई जरा बाहेर बसता का? मी हिच्याशी बोलते."

मला ते लागलं. एवढी वर्षं काढलेल्या बाईला बाहेर बसवता? पण बसले. बाकावर वैशाली देवाचं नाव घेत होती. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते, जो मला पाठ आहे. दहा मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज आला. लहान पोरीचा. वैशालीनं माझा हात घट्ट धरला. "बाई, थे तन्वी हाय."

दार उघडलं. मॅडमच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "कान उत्तम आहेत, जीभ उत्तम आहे. माझं लग्न झालं का, घरी म्हैस आहे का, सगळं विचारून झालं तिचं."

"मग अंगणवाडीत कायले बोलत नाई?" मी विचारलं.

"तुमच्याशी तिची कट्टी आहे म्हणते. म्हणजे तुम्ही केली आहे, दिवाळीच्या आधी. बाकीच्या मुलांशी बोलते, पण तुम्ही जवळ आलात की थांबते. बाईंच्या कानावर गेलं तर नियम मोडेल आणि बट्टी मिळणार नाही, असं म्हणाली. आणि घरी का गप्प झालीस विचारलं, तर म्हणाली, आई बोल म्हणून मारते, तेव्हा आवाजच येत नाही."

मी त्या बाकावर पुन्हा बसले. रोज सकाळी टेबलाजवळ येऊन उभी राहणारी ती पोरगी डोळ्यांपुढे आली. बट्टी करायची पाळी माझी होती. नियम माझा होता. ती तीन महिने रोज येऊन मला आठवण करून द्यायची आणि मी तिला रोज मोरीवर पाठवायची.

वैशाली हळूच म्हणाली, "दिवाळीतच सांगतलं होतं तिनं मले, बाईनं कट्टी केली म्हनून."

"मग मले काहून नाई सांगतलं वं तू?"

"कसं सांगू जी? मले वाटलं, एवढी मोठी बाई लेकराशी कट्टी थोडीच धरून बसन! अन् मंग तुमीच म्हनल्या, मेंदूचं राह्यते..." मला तिच्याकडे बघवेना.

तन्वी दारात उभी होती, फ्रॉकचं टोक चावत. मी फरशीवर गुडघे टेकले. गुडघे कटकन वाजले, शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. बघू देत. मी दोन बोटं पुढे केली.

"तन्वी, बट्टी?"

तिनं आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग सावकाश आपली दोन बोटं आणून लावली. थंडगार बोटं. मला वाटलं आता ती गळ्यात पडेल, मी रडेन, सगळं गोड होईल. पण तिच्याजवळ तीन महिन्यांपासून एक वाक्य तयार होतं. ते तिनं लगेच सांगून टाकलं.

"पानी म्या नाई सांडलं, बाई. तुमचा पदर लागला."

मी आठवायचा प्रयत्न केला. वळून पाहते तर लोटा आडवा, एवढंच मला आठवत होतं. वळण्याआधी मी कुठे होते? लोट्याजवळूनच गेले होते. डब्यांकडे धावताना, पदर सुटा. ती लोटा पकडायला धावली होती आणि तोंड उघडं होतं ते मला हाक मारायला.

"गप! तन्वे, गप्प बस! बाईले असं म्हनत असतेत का?" वैशालीनं घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी तो हात काढला. "बोलू दे तिले, वैशाली. खरं सांगून राह्यली थे. पानी म्याच सांडलं. तन्वी, माह्यं चुकलं."

"हो," तन्वी म्हणाली.

लेकरांना माफी मागायला शिकवताना समोरच्यानं 'जाऊ दे' म्हणावं, असं मी नेहमी शिकवत आले. तन्वीनं तसं काही म्हटलं नाही. नुसतं 'हो' म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मॅडम मागे उभ्या राहून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. बहुधा पोरीबद्दल नसावं.

मी लिहिते आहे म्हणून सांगते, त्या दिवसानंतर मी कोणत्याही लेकराशी कट्टी केली नाही. बैठकीत उभी राहून हे सगळं सांगितलंही, पदरासकट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैशालीच्या सासूकडे जाऊन ओसरीवर बसले आणि दोष कोणाचा ते शेजारणींच्या देखत सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुमाले शिकवाले कोनी ठेवलं वो?" मी म्हटलं, सरकारनं. ज्या पोरांशी मी पाच-पाच मिनिटांच्या कट्ट्या केल्या, त्यांतल्या किती जणांना त्या पाच मिनिटांत काही सांगायचं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. लग्नपत्रिका घेऊन येतात तेव्हा विचारावंसं वाटतं, पण धीर होत नाही.

परत येताना त्या दिवशी एसटीत खिडकीची जागा तन्वीला दिली. वाशीमचं स्टँड सुटायच्या आत तिनं सुरुवात केली. कांताबाई खिचडीत मीठ टाकल्यावर बोट चाटतात. घोड्याचा कान कोणी तोडला ते तिला माहीत आहे. तिच्या आजीच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एकाचं नाव तिनं 'बाई' ठेवलं. दिवाळीत बाबानं फुलबाज्या आणल्या होत्या, ते तिला मला तेव्हाच सांगायचं होतं. हुरड्याला गेलो होतो, तेही सांगायचं होतं. दात हलायला लागला आहे, हा बघा. तीन महिन्यांचं सगळं तिनं एकेक करून काढलं आणि मी एकेका गोष्टीला "हो का?" म्हणत ऐकत राहिले. मध्ये बोलायची माझी हिंमत नव्हती.

तिकीट फाडायला आलेला कंडक्टर थांबून ऐकायला लागला. मग हसून वैशालीला म्हणाला, "काय वो ताई, लय बोलते पोरगी तुमची!"

वैशालीनं पदर सारखा केला. त्याच्याकडे न बघता, माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हो. पयलेपासून अशीच हाय थे."

मी मान खाली घातली.